एकोणीस युरोंत

घ्यावं का, हे विचारायला लोक
घेऊन झाल्यावर येतात.

फेर्रारात, किल्ल्यामागच्या बोळात माझं दुकान.
इस्त्र्या, मिक्सर, एखादा हट्टी रेडिओ,
आणि शनिवारच्या बाजारानंतर सोमवारी हमखास
ही पास्त्याची यंत्रं.
चकचकीत. खोक्यावर हसणारं कुटुंब,
एकाच्याही बाहीला पीठ नाही.

मी यांची पोटं उघडून बसलोय, म्हणून सांगतो:
रूळ पोलादाचे नसतात, पोलादासारखे असतात.
दातेरी चाकं प्लास्टिकची. दुधाचे दातच ते,
पडायचेच.
क्लॅम्प उघडतो चार सेंटिमीटर
आणि इथली जुनी टेबलं पाच सेंटिमीटर जाड.
हँडल खाचेत टिकत नाही,
दर दहा फेऱ्यांना खणकन फरशीवर.
पहिली पोळी निघते काळपट, तेलकट; ती फेकायची.
आणि पाणी लावू नका, देवाशपथ लावू नका.
पाणी लावलंत की गंज,
गंज लागला की मी.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला:
दुरुस्तीचे मी पंचवीस घेतो.
आणि तोंडावर सांगतो, त्यापेक्षा लाटणं घ्या.
लांब, बीचच्या लाकडाचं, अकरा युरो.
त्यात बिघडण्यासारखं काही नाही,
बिघडला तर तुमचा हातच.

हेच मी नीवेस बोनोरालाही ऐकवलं.
नोव्हेंबर. धुकं उंबऱ्याच्या आत येऊन उभं.
तिनं पिशवी काउंटरवर ठेवली उजव्या हातानं,
डावा कोटाच्या खिशात.
मला वाटलं, थंडी.

"बिघडलाच आहे," ती म्हणाली. "एप्रिलपासून."

बत्तीस वर्षं एका खानावळीत लाटत होती ती,
रोज साठ अंडी, टेबलाएवढी पोळी,
पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं इतकी पातळ.
"एका हातानं करून बघितलं.
पोळी नुसती गोल गोल फिरते,
शेपटीमागे कुत्रं फिरावं तशी."

मी स्क्रू शोधत राहिलो,
हातातच होता तो.
क्लॅम्पला लांब बोल्ट घातला.
हँडलच्या टोकाला गुंडाळली सायकलच्या ट्यूबची पट्टी;
या गावात दुसरं काही नसलं तरी
फाटक्या ट्यूब कमी नाहीत.
पैशांचं नंतर बघू, म्हणालो,
जे मी सख्ख्या भावालाही म्हटलेलं नाही.

ती जाईना.
"याला तीन हात लागतात," ती म्हणाली.
"एक पीठ सारायला, एक फिरवायला, एक झेलायला.
हे खोक्यावर लिहीत नाहीत."

मीही कधी लिहिलं नव्हतं पावतीवर.
मी यंत्रं रिकामी फिरवून बघतो,
आत पीठ घालून कधीच नाही.

गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं.
आता गुरुवारी दुपारी मी दुसऱ्या मजल्यावर असतो,
कोपरापर्यंत पिठात.
ती फिरवते. मी सारतो, मी झेलतो,
आणि बोलणी खातो:
"ओढू नका हो! पोळी आहे ती, वायर नव्हे!"
ट्यूब लावूनही हँडल पडतंच.
मी वाकून उचलतो.
ती म्हणते, अकरा फेऱ्या झाल्या या वेळी.
ताल्यातेल्ले जाड होतात, थोडे वाकडे.
खानावळीत असे कुणी पानात वाढले असते
तर तिनं ताट परत पाठवलं असतं.
इथं ती दुसऱ्यांदा घेते.

परवा एक मुलगा आला, तोबिया,
विद्यापीठात शिकणारा, कोपऱ्यावरच्या खोलीत राहणारा.
मोबाइलवर फोटो दाखवला: एकोणीस युरो.
घ्यावं का?
घेण्याआधी विचारणारा हा पहिलाच.

मी तोंड उघडलं.
रूळ, दाते, गंज, सगळं जिभेवर रांगेत उभं.
घरात कोण कोण, विचारलं.
एकटाच, म्हणाला.

घे, म्हणालो. मग म्हणालो, थांब.
तो थांबला. फोनचा उजेड विझला.
टेबल किती जाड आहे,
एवढंच सुचलं मला विचारायला.